बांगड्यांखाली काय होतं

माझ्या होणाऱ्या जावयाला 'नाही' म्हणता येत नाही. तो जपानमध्ये वाढला, शिकायला हॅलिफॅक्सला आला, आता ओटावात नोकरी करतो आणि इंग्रजी माझ्यापेक्षा बरं बोलतो. पण प्रश्नाला उत्तर म्हणून 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. भाजीत मीठ जास्त झालंय का असं विचारलं, तर तो दातांच्या फटीतून हवा आत ओढतो, मान एका बाजूला कलती करतो आणि म्हणतो, "हं, तसं बघितलं तर…" वाक्य तिथेच संपतं. पुढचं आपण समजून घ्यायचं. मी ओटावाशेजारच्या कनाटात टेलिकॉमच्या कंपनीत तीस वर्षं काढली. अर्धवट सोडलेल्या गोष्टीला आमच्याकडे बग म्हणायचे आणि तो शुक्रवारच्या आत दुरुस्त करायचे.

मे महिन्यात त्याने सांगितलं की त्याचे आईवडील जुलैत दहा दिवसांसाठी येणार आहेत. लग्न सप्टेंबरात, त्याआधी एकदा दोन्ही घरांनी भेटावं म्हणून. मी चहा गाळता गाळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिच्या हातावरचा टॅटू तुझ्या आईला चालेल ना?"

हवा आत गेली. मान कलली. "हं, तसं बघितलं तर…"



टॅटू म्हणजे लहानसहान फुलपाखरू नव्हे. मुलीचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भरलेला आहे. तुळस, तिच्याखाली वृंदावन, वृंदावनाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी. माझ्या आईच्या हातावर हे गोंदण होतं. आमच्या साताऱ्याकडच्या गावात त्या पिढीतल्या बायकांच्या हातांवर असायचंच. मुलीने आपली आजी पाहिलेली नाही. तिच्याकडे आजीचा एकच फोटो आहे, अंगणात सूप घेऊन बसलेली. तो मोठा करून तिने तीन वर्षांपूर्वी इथल्या एका टॅटूवाल्याकडून आजीचा हात स्वतःच्या हातावर उतरवून घेतला. फक्त मनगटापाशी अडचण आली. फोटोत तिथे बांगड्या आहेत. तेव्हा तिने मला फोन करून विचारलं होतं, "आई, बांगड्यांखाली काय होतं?"

मी म्हणाले, "मला नाही आठवत." ते खोटं होतं. मला आठवत होतं, पण ह्या वेडेपणात मला तिला मदत करायची नव्हती. तिने मनगटापाशी अंदाजाने एक सरळ रेघ ओढून घेतली आणि काम मिटवलं.

तर असा तो हात. आणि ज्यांच्यासमोर तो यायचा होता, त्यांचा धंदा कोणता असावा? एका डोंगरातल्या गावी त्यांचं छोटं विश्रामगृह आहे, गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेलं. लोक लांबून येतात, सगळे कपडे उतरवून दगडी हौदात एकत्र बसतात. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. हौदाच्या दारावर पाटी आहे. मी मागे लागले तेव्हा जावयाने फोनवर दाखवली. लिपी कळली नाही, पण चित्र कळायला लिपी कशाला लागते? एक नक्षीदार हात आणि त्यावर लाल फुली.

त्याने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे अंगभर टॅटू म्हणजे गुंडांच्या टोळ्या, ही आठवण जुन्या लोकांच्या मनातून गेलेली नाही. टॅटूवाला हौदात उतरला की बाकीचे गप्प होतात. तक्रार करत नाहीत, उठूनही जात नाहीत. पाणी गरम आहे तोवर बसतात, वाकून नमस्कार करतात आणि परत कधी येत नाहीत.

"कोणी काही बोलत नाही," तो म्हणाला, "तोच तर त्रास आहे."

"मग पाटी काढून टाका. आता जमाना बदलला."

हवा आत. "गावातल्या सगळ्या विश्रामगृहांनी मिळून लावलीय. आम्ही एकट्यांनी काढली, तर शेजाऱ्यांना अवघडल्यासारखं होईल."

शेजाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हे आपल्या घराच्या दारावर सुनेविरुद्ध पाटी ठेवणार. माझं डोकंच फिरलं. कोणाला कशाने काय वाटेल याचा हिशेब करत माणसाने किती जगावं? माझी मुलगी त्या घरात जाणार, आणि तिथे ती सासूबरोबर आंघोळीलाही बसू शकणार नाही. बसली, तर वीस बायका गप्प होणार. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. मुलीला बोलून दाखवलं. सलग दोन महिने.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी मुलीला कधी सांगितली नव्हती.

माझ्याही हातावर गोंदण होतं. नऊ वर्षांची असताना जत्रेत आईने मला गोंदणाऱ्या बाईसमोर बसवलं. तीन सुया एकत्र बांधलेल्या, काजळीचा काळा रंग, आणि माझं भोकाड. आईच्या हातावरचंच चित्र, फक्त लहान, चार बोटं लांबीचं, डाव्या मनगटाच्या जरा वर. पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये मुली विचारायच्या, तुमच्या गावाकडे अजून असतं का हे. मी म्हणायचे, असतं, आणि दुखतंही. तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती.

कनाटात लागल्याच्या दुसऱ्या वर्षी जपानहून मोठं गिऱ्हाईक येणार होतं. यंत्र चालवून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. माझा मॅनेजर भला माणूस. त्याने मला बाजूला घेऊन, अगदी संकोचत सांगितलं की त्या लोकांना हातावरचं असलं काही खटकतं असं त्याने ऐकलंय, तर त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालशील का? मी घातला. पाहुणे आले, वाकले, यंत्र बघून गेले. त्यांना खरंच खटकलं असतं का, हे कोणी त्यांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी काय केलं, तर पुढच्या हिवाळ्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन लेझरच्या चार खेपांत ते गोंदण काढून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. एका दिवसाचा शर्ट पुरला असता. पण मला वाटलं, परत कोणाला आपल्यामुळे संकोचत बाजूला घेऊन बोलावं लागू नये.

राहिला तो एक गुळगुळीत, फिकट, चकचकीत डाग. त्यानंतर मी एकदाच गावी गेले, मे महिन्याच्या उकाड्यात, आणि सगळे दिवस पूर्ण बाह्यांचा कुडता घालून आईसमोर वावरले. तिला तो डाग दिसला नाही. पुढच्या वर्षी ती गेली, आणि त्याच वर्षी माझी मुलगी झाली.

मुलीने लहानपणी डागाबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणाले, पुऱ्या तळताना तेल उडालं. सोपं उत्तर होतं. ते पुढे इतकं महागात पडेल असं वाटलं नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून, मी कढई चढवली की ही पोरगी कुकरचं झाकण ढालीसारखं धरून माझ्या शेजारी उभी राहायची. "आई, स्लीव्हज खाली कर." "आई, मागे हो." आता एकतीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, अजूनही तळण असलं की येऊन झाकण धरते. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो दरवेळी स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायचा. एकदा म्हणाला होता, "अगं, सांगून टाक ना एकदाचं." मी म्हणाले, "अहो, तुम्ही लॉन कापा."

तर त्या दोन महिन्यांत मुलीशी माझी रोज फोनवर एकच लढाई चालली होती.

"पहिल्या भेटीपुरते फुल स्लीव्हज घाल. एवढंच म्हणतेय."

"आई, इट्स जुलै."

"पातळ कॉटनचा घे. मी आणून देते."

"आय ॲम नॉट हायडिंग आजी." मग थोडं थांबून म्हणायची, "तुला त्याच्या घरच्यांची काळजी आहे, की तुलाच हा टॅटू आवडत नाही?"

मी म्हणायचे, जगात राहायचं तर थोडं जुळवून घ्यावं लागतं. ती म्हणायची, तू आयुष्यभर जुळवून घेतलंस, कोणाला कळलं तरी का? यावर फोन कोणी आधी ठेवला ते मी सांगत नाही. शेवटी जूनच्या अखेरीस ती म्हणाली, ठीक आहे, घालते, पण एकदाच, आणि त्यानंतर तू हा विषय काढलास तर मी लग्नाआधी घरी येणार नाही. मी हो म्हणाले. जिंकल्याचं समाधान दोन मिनिटं टिकलं. मग लक्षात आलं की तिचा आवाज दुखावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. ते मला जास्त लागलं.

भेटीच्या दिवशी दुपारी चौतीस डिग्री होती. व्याही आणि विहीणबाई दारात आले आणि आत येण्याचा कार्यक्रमच दहा मिनिटं चालला. कोणी आधी यायचं, कोणी आधी बसायचं, बूट कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचे. विहीणबाई माझ्याच वयाच्या, बारीक, ताठ, केस अगदी आखूड. त्यांना इंग्रजीची चार वाक्यं येत होती, ती चारही त्यांनी दारातच वापरली. व्याही हसत होते आणि घामाने निथळत होते. एसी जोरात करा म्हणून नवऱ्याला खुणावलं, तर तो त्यांना बागेतल्या टोमॅटोंकडे घेऊन गेला. असल्या वेळी हा माणूस मला नेहमी असाच उपयोगी पडतो.

मुलगी पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्या शर्टात आली होती. मनगटाची बटणंही लावलेली. मी तळायला घेतलं, तशी ती झाकण घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. मी बाह्या वर सारल्या होत्या. "आई, स्लीव्हज," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. मी पुढची पुरी तेलात सोडली.

पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. जेवण छान झालं, म्हणजे तसं दिसलं तरी. विहीणबाईंनी ताटात कणही ठेवला नाही, त्यामुळे आवडलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. मग सगळे बाहेरच्या खोलीत आलो. तिथे त्यांनी रुमालात बांधलेला एक चौकोनी खोका काढला, दोन्ही हातांनी माझ्या मुलीसमोर धरला आणि लेकाकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

खोक्यात चपटी पाकिटं होती. पाकिटांत पातळ, मऊ पट्ट्या, त्वचेच्या रंगाच्या. जावयाने सांगितलं, पाण्यात न सुटणाऱ्या आहेत, टॅटूवर लावायच्या. गावातल्या दुकानात एकाच गोऱ्या रंगाच्या मिळतात, म्हणून आईने शहरातून मागवल्या. गव्हाळपासून काळसरपर्यंत सात छटा. विहीणबाई सोफ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि मुलीच्या हाताकडे बोट न दाखवता, तळवा पुढे करून, परवानगी मागितली. मुलीने बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत गुंडाळली.

मी विहीणबाईंचा चेहरा बघत होते. त्यावर काहीही उमटलं नाही. त्या एकेक पट्टी तुळशीच्या शेजारी धरून रंग जुळवत होत्या, आणि चार लागतील, की पाच, ते बोटांनी मोजत होत्या.

आणि तेव्हा माझा तोल गेला. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझ्या आईचा हात झाकायची मापं काढली जात होती. दोन महिने मी स्वतः हेच मागत होते, हे त्या क्षणी मला आठवलंही नाही. मी इंग्रजीत जावयाला म्हणाले, "आईला सांग, हे माझ्या आईचं गोंदण आहे. गुंडांचं नाही. त्यावर चिकटपट्टी लावूनच आत घेणार असाल, तर माझी मुलगी तुमच्या हौदात उतरणार नाही."

जावयाने इतकी हवा आत ओढली की मला वाटलं आता बाहेर येणारच नाही. त्याने भाषांतर केलं नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, सीरियसली? तू?"

"हो, मी."

"आई, पट्ट्या मी मागितल्यात. मी त्यांना मेमध्येच व्हिडिओ कॉलवर हात दाखवला होता. म्हटलं, मला तुमच्याबरोबर पाण्यात बसायचंय, काय करता येईल? पाटी त्या एकट्या नाही काढू शकत. दे फाउंड अ वे. दोन महिने त्या रंग शोधतायत. हा शर्ट मी फक्त तुझ्यासाठी घातलाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तू एकदा तरी विचारलंस का, मला काय हवंय?"

 विहीणबाईंना शब्द कळले नव्हते, पण खोलीत काहीतरी बिनसलंय हे कोणालाही कळलं असतं. बिनसलेलं तसंच राहू देणं त्यांच्या स्वभावात नसावं. त्या माझ्याकडे वळल्या. तळताना सारलेल्या माझ्या बाह्या अजून वरच होत्या. त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली, आणि पहिल्यांदाच त्या मोकळ्या हसल्या. हौदाच्या काउंटरवर तीस वर्षं बसलेली बाई ती. किती कातड्या बघितल्या असतील. त्या मला आपल्यात ओढून घेण्यासाठी, आपुलकीने, भरभर काहीतरी बोलल्या, आणि जावयाने सुटका झाल्यासारखं लगेच सांगून टाकलं:

"आई म्हणतेय, तुम्हीही या. तुम्हाला तर पट्टी लागणारच नाही. तुमचा टॅटू पूर्ण निघालाय. डॉक्टरांनी फार छान काम केलंय."

माझ्याबद्दलचं वाक्य त्याने पहिल्यांदाच पूर्ण केलं होतं. मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची मान कलली.

मुलीने माझ्या हाताकडे बघितलं. "काय निघालंय?"

नवरा छताकडे बघत होता. मी लहानपणी शाळेत खोटं बोलताना पकडले गेले होते तेव्हाही इतकी शरमले नव्हते. तेल उडालं नव्हतं, मी म्हणाले. मराठीत, म्हणजे ते फक्त आम्हा तिघांना कळलं. मग बाकीचं सांगितलं. जत्रा, सुया, मॅनेजर, शर्ट, चार खेपा. आजीच्या हातासारखंच होतं, हेही.

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आय हेल्ड दॅट लिड फॉर ट्वेंटी फाइव्ह इयर्स."

"हो."

"आज जेवणाआधीपण धरलं."

"हो," मी म्हणाले. माफ कर म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "तू धरलंस की मला बरं वाटायचं." आणि ते खरं होतं.

ती रडली नाही. मी रडले असते, पण विहीणबाई पुन्हा काहीतरी करून वातावरण सावरायला लागतील अशी भीती वाटली. मुलीने खोक्यातून एक गव्हाळ पट्टी काढली. मागचा कागद सोलला, आणि माझा हात आपल्या मांडीवर घेऊन, पेशंटचा घेते तसा, ती पट्टी माझ्या डागावर बसवली. कडा अंगठ्याने दाबल्या. टीपॉयवरच्या शब्दकोड्यांच्या वहीतलं बॉलपेन उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"काढ," ती म्हणाली. "सगळं. बांगड्यांखालचंसुद्धा. मी माझं नीट करून घेते."

मी काढायला लागले. पट्टी कापडासारखी होती, शाई पसरत नव्हती. तुळस आली. एका बाजूला चार पानं, दुसऱ्या बाजूला चार. वृंदावन आलं, मधली देवळी आली, पायऱ्या आल्या, बाजूचे ठिपके आले. विहीणबाई गुडघ्यांवर सरकत जवळ आल्या आणि व्याहीही उठून त्यांच्या मागे उभे राहिले. मग मी सगळ्यात खालच्या पायरीशी पोचले. तिथे, आईच्या बांगड्या यायच्या त्या जागी, एक ओळ होती. ठिपक्यांची, की बारीक फुलांची. पाच होती की सात. एकवीस वर्षं ती माझ्या हातावर होती. परीक्षेत पेपर अडला की मी तिच्यावरून बोट फिरवायचे.

मुलगी वाट बघत होती. तीन वर्षांपूर्वी मी तिला आठवत नाही म्हणाले होते, तेव्हा ते खोटं होतं. आता सगळे माझ्या हाताकडे बघत होते, पेन पट्टीवर टेकलेलं होतं, आणि मला खरंच आठवत नव्हतं.